सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही. क्रँक सेन्सर बदलूनही तोच कोड

अर्ध्या_वाटेर, फोंडा

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, २०१४ चं मॉडेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की धाग्याचा आखाडा होतो.

रोजची धाव फोंडा ते वेर्णा, बोरीच्या पुलावरून. उन्हाळ्यात एक खोड लागली. सकाळी थंड गाडी एका चावीत स्टार्ट. पण वाटेत भाजी घ्यायला किंवा पेट्रोल भरायला दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली, की सेल्फ नुसता घरघरतो आणि इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की काही घडलंच नाही अशा थाटात स्टार्ट होते. पावसाळा लागल्यावर हे वाढत गेलं. आता गेल्या मोठ्या पावसानंतर थंड असतानाही सुरू होत नाही, अंगणात उभी आहे.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०३३५ हा दोषाचा कोड आला. त्याने क्रँक सेन्सर बदलला. थोडे दिवस बरी चालली, मग परत तेच आणि तोच कोड. आता तो म्हणतो, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असणार, सेकंडहँड बघूया. आकडा ऐकून गाडी टो करून घरी आणली.

माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल (गाडीचे कोड आणि आकडे फोनवर दाखवतं ते). ईसीएमवर पैसे घालण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

गुगल_मेस्त, पणजी

डुप्लिकेट सेन्सर घातला असणार. ओरिजिनल घाला, विषय संपला.

पाना_बारा, डिचोली

विषय असे एका ओळीत संपत असते तर माझ्या दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं.

अर्ध्या_वाटेर, तू आधी त्या कोडचा अर्थ नीट घे. पी०३३५ वाचून ‘क्रँक सेन्सर गेला’ असा निकाल सगळे लावतात. ईसीएम बिचारा फक्त एवढंच सांगत असतो की क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून मला हवा तसा सिग्नल मिळत नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या वायरी आल्या, कपलर (वायरींचा प्लग) आला, मध्ये कुणी मारलेले जॉइंट आले, समोरचं दात्यांचं चाक आलं आणि सगळ्यात शेवटी ईसीएम आला. यातला सेन्सर स्वस्त, दुकानात लगेच मिळणारा आणि एका बोल्टवर निघणारा, म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावर.

आता पाना हातात घेण्याआधी बघून सांग. चावी ऑन केल्यावर कुलपाचा किंवा चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो का? राहत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, अडवतोय. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी सेल्फ मजेत फिरतो पण ईसीएम पेट्रोल सोडत नाही, आणि लोक सेन्सर बदलत बसतात. चावी ऑन करताच मागच्या सीटखालून पंपाचा आवाज दोनेक सेकंद येतो का? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी थरथरतो का?

आणि सेल्फ मारतानाच बॅटरीवर मीटर लावून व्होल्ट बघ. ९.६ च्या खाली जात असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवायचं, आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंग पट्टी. आपल्याकडे खाऱ्या हवेने ती पट्टी आतून खाल्लेली असते आणि वरून धडधाकट दिसते. व्होल्टेज पडलं की ईसीएम स्वतःच रिसेट होतो, मग स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसलं तर त्याचा काही अर्थ राहत नाही.

कपलरला पिना किती ते पण सांग. दोन की तीन?

अर्ध्या_वाटेर, फोंडा

पाना_बारा काका, बघितलं.

इमोबिलायझरचा दिवा येतो आणि विझतो, लुकलुकत नाही. पंपाचा आवाज येतो, मग थांबतो. काटा ढिम्म. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४. डोंगल लावून फोनवर थेट आकडे बघत भावाला सेल्फ मारायला सांगितला: आरपीएम शून्य, पण कूलंटचं तापमान, मॅनिफोल्डचं प्रेशर हे आकडे येत होते, कनेक्शन तुटलं नाही. म्हणजे ईसीएम जागा असावा.

एक प्लग काढून बघितला. ठिणगी नाही. प्लग कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही.

पिना तीन.

सायबर_माड, पर्वरी

ठिणगी नाही आणि प्लगही कोरडा, ही जोडी महत्त्वाची. नुसती ठिणगी नसती तर कॉइलकडे वळलो असतो, नुसतं पेट्रोल नसतं तर पंप-इंजेक्टरकडे. दोन्ही एकदम गायब आणि आरपीएम शून्य, म्हणजे इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळलेलं नाही. पंप दोन सेकंदांनी थांबतो तोही त्यामुळेच. इंजिन फिरत नसताना पंप चालू ठेवायचा नाही, असा सुरक्षेचा नियम त्यात घातलेला असतो. अपघातात पाइप फुटला तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून.

सेन्सर नेमकं करतो काय ते थोडक्यात, कारण पुढच्या टेस्ट त्याशिवाय डोक्यात बसणार नाहीत.

क्रँकवर (पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा), पुलीच्या किंवा फ्लायव्हीलच्या बाजूला, दात्यांचं चाक असतं. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांची जागा आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले, म्हणजे प्रत्यक्षात ५८. दर दात्याला ६ अंश. काही गाड्यांत ३६ मधला १ गाळलेला असतो. ती रिकामी जागा ईसीएमला तबल्यातल्या समेसारखी: ती सापडली की पुढची प्रत्येक मात्रा कुठे पडणार ते मोजता येतं. त्यावरच ठिणगी कधी आणि इंजेक्टर कधी हे ठरतं.

मात्र चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पुरं व्हायला क्रँक दोनदा फिरतो. पहिला पिस्टन वर आलाय तो कॉम्प्रेशनला की एक्झॉस्टला, हे क्रँक सेन्सर सांगू शकत नाही. ते काम कॅम सेन्सरचं, कारण कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅम गेला तर बऱ्याच गाड्या अंदाजाने, जास्त सेल्फ खाऊन का होईना, स्टार्ट होतात. क्रँक गेला तर बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत. काही थोड्या कॅमवर भागवतात, पण त्यावर विसंबू नये.

आता सेन्सरचे प्रकार. दोन पिना असतील तर बहुधा इंडक्टिव्ह, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. त्याला बाहेरून सप्लाय लागत नाही, दाता समोरून गेला की तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. वेटोळ्याचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजता येतो, साधारण काही शे ते हजारावर, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. मीटर एसीवर ठेवून सेल्फ मारला की व्होल्टेज दिसतं.

तीन पिना असतील तर बहुधा हॉल सेन्सर. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण इंडक्टिव्हलाही कधी कधी तिसरी पिन शील्डची असते. म्हणून वायरिंग डायग्राम मिळवच. हॉलमध्ये चुंबकीय बदल ओळखणारी चिप असते. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. त्याचा रेझिस्टन्स मोजू नकोस, त्यातून काही कळत नाही आणि मीटर स्वतःचा करंट आत सोडतो तो वेगळा.

कपलर काढ, चावी ऑन, सेल्फ मारायचा नाही. गाडीकडच्या बाजूला बॅटरीच्या मायनसला काळी प्रोब धरून एकेक पिन मोज. एका पिनवर सप्लाय, ५ व्होल्ट (काही गाड्यांत १२). एकीवर शून्याजवळ, ती अर्थ. तिसरीवर ईसीएम स्वतःच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज देऊन ठेवतो, बहुतेक ५, तो सिग्नल. दात्यागणिक सेन्सर तो सिग्नल खाली ओढतो आणि सोडतो.

आकडे टाक.

अबोली_साखळी

वाचतेय. डायग्राम मिळेपर्यंत माझी कथा सांगते, कारण गरम झाल्यावर बंद पडण्याचं लक्षण अगदी हेच होतं.

आमची जुनी गाडी, दोन पिनांचा सेन्सर. चोडणला माहेर, त्यामुळे रायबंदरची फेरीबोट ठरलेली. फेरीत इंजिन बंद करावं लागतं. पलीकडे फेरी लागली, पुढच्या-मागच्या गाड्या हॉर्न मारताहेत आणि आमची सेल्फवर नुसती रडतेय. खलाशांनी ढकलून बाहेर काढली. गिअरमध्ये टाकून धक्का मारूनही सुरू झाली नाही. होणार कशी? सेल्फ दमला असता तर धक्क्याने काम झालं असतं, इथे सिग्नलच नव्हता.

नेमकं बंद केल्यावरच का होतं ते नंतर कळलं. इंजिन चालू असताना कूलंट फिरतो, पंखा फिरतो, गाडी धावताना वारा लागतो. बंद केलं की हे सगळं थांबतं आणि ब्लॉकमधली उष्णता आजूबाजूला पसरते. बॉनेटखालचं तापमान पहिली पंधरा-वीस मिनिटं उलट चढतं. वेटोळ्याची तार आत कुठे तडकलेली असेल तर ती तेव्हाच उघडते.

नवऱ्याने सेन्सर काढून टेबलावर ठेवला, मीटर लावला: थंड असताना ८०० आणि काही ओहम. मग माझा हेअर ड्रायर धरला. आकडा सावकाश चढत गेला (तांब्याचं तसं होतंच) आणि मग एकदम मीटरवर ‘ओएल’, म्हणजे सर्किट तुटलेलं. गार झाला की परत ८००. सेन्सर बदलला, त्यानंतर आजतागायत त्रास नाही. त्यामुळे गुगल_मेस्त अगदीच चूक नाहीत, कधी कधी सेन्सरच असतो. पण आम्ही तो मोजून बदलला.

गुगल_मेस्त, पणजी

धन्यवाद ताई. या धाग्यावर माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे.

खाजन_बांध, दिवाडी

यावर उपाय सोपा. गरम असताना बंद पडली की सेन्सरवर तांब्याभर गार पाणी ओतायचं. स्टार्ट झाली तर सेन्सर गेला. आमच्याकडे सगळे हेच करतात.

पाना_बारा, डिचोली

आमच्याकडेही करतात आणि मग कपलरात पाणी गेलं म्हणून माझ्याकडे येतात. ओला फडका पिळून सेन्सरच्या अंगावर ठेवा, तेवढ्याने कळतं. शिवाय पाणी ओतल्यावर स्टार्ट झाली तरी गार फक्त सेन्सर झाला असं नाही, शेजारची वायर आणि कपलरही गार झाले. दोष त्यातल्या कशातही असू शकतो.

अर्ध्या_वाटेर, फोंडा

सायबर_माड, डायग्राम मिळाला. हॉलच आहे, सप्लाय ५ व्होल्टचा. कपलर काढून आकडे असे:

सप्लाय ५.०१
अर्थ ०.०१
सिग्नल ४.९८

सगळं चोख. सेन्सरही बाहेर काढून बघितला. टोकाला लोखंडाचा बारीक चुरा मिशीसारखा चिकटला होता, तो पुसला. दात्यांच्या चाकावर टॉर्च मारून पुली पान्याने फिरवत बघितलं, तुटका-वाकडा दाता दिसला नाही. परत बसवून सेल्फ मारला, फरक शून्य.

गुगल_मेस्त, पणजी

सेन्सर नवा, वायरिंग चोख, चाक चांगलं. मग उरलं काय? ईसीएम. गॅरेजवाला बरोबर होता.

कुडचडेकार

ईसीएमला +१. पावसाळ्यात पाणी जातंच. मित्राच्या गाडीत असंच झालं होतं.

सायबर_माड, पर्वरी

थांबा जरा. ईसीएम सप्लाय देतोय, सिग्नलला व्होल्टेज देतोय, डोंगलशी बोलतोय. त्याला फाशी देण्याइतका पुरावा अजून आलेला नाही.

अर्ध्या_वाटेर, तू घेतलेले तिन्ही आकडे कपलर काढलेला असतानाचे आहेत. म्हणजे त्या वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नव्हता. डिजिटल मीटर स्वतः इतका कमी करंट ओढतो (त्याचा आतला रेझिस्टन्स बहुधा १० मेगओहम असतो) की वायरीत मध्ये शे-पाचशे ओहमचा गंजका जॉइंट असला तरी मीटर ५ व्होल्टच दाखवणार. सेन्सर जोडला की तो काही मिलीअँपिअर मागतो, आणि तेव्हा त्या जॉइंटचं खरं रूप बाहेर येतं. हिशोब करून बघ: ६ मिलीअँपिअर गुणिले ५०० ओहम म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच गेले. ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला २ व्होल्ट मिळाले तर ती गप्पच बसणार.

म्हणून आता कपलर लावून मोज. कपलरच्या मागून, वायर जिथून आत शिरते तिथल्या रबराच्या कडेने टाचणी पिनेपर्यंत सरकव आणि तिला प्रोब लाव. दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नकोस.

पाना_बारा, डिचोली

सायबर_माड यांना अनुमोदन. मी हेच लिहायला बसलो होतो, गिऱ्हाईक आलं.

दोन भर घालतो. टाचणी कपलरच्या मागूनच घाल, वायरीचं प्लास्टिक टोचून नको. टोचलेलं भोक दिसत नाही, पण आपल्या हवेत त्यातून ओल आत शिरते आणि सहा महिन्यांत तिथेच तांबं हिरवं होतं. माझ्याकडे अशा गाड्या येतात जिथे मूळ दोष राहिला बाजूला, आधीच्या मेकॅनिकने टोचलेल्या जागेनेच नवा दोष तयार केलाय. आणि बल्बवाला टेस्ट लॅम्प या वायरींना अजिबात लावायचा नाही. बल्ब ओढतो तेवढा करंट ईसीएमच्या आतल्या सर्किटला झेपत नाही.

सप्लायवर ५ व्होल्ट मुळातच आले नसते तर रस्ता वेगळा होता, तो इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. कित्येक गाड्यांत ५ व्होल्टची एकच लाइन क्रँक, मॅप (मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा), थ्रॉटल अशा दोन-तीन सेन्सरांना वाटलेली असते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचंच व्होल्टेज बसतं आणि कोड भलत्याच सेन्सरचा येतो. अशा वेळी मीटर लावून ठेवायचा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो चोर.

अर्ध्या_वाटेर, फोंडा

कपलर लावून, टाचण्या घालून, चावी ऑन:

सप्लाय २.१
अर्थ ०.०१
सिग्नल ४.९, पुली हाताने फिरवली तरी हलत नाही

काढला की ५, लावला की २.१. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून पुन:पुन्हा करून बघितलं.

सायबर_माड, पर्वरी

झालं. सप्लायच्या वायरीत, सेन्सर आणि ईसीएमच्या मधे कुठेतरी रेझिस्टन्स आहे. अर्थ चांगली आहे, तिकडे जाऊ नकोस. कपलर तसाच लावलेला, टाचणी तशीच, मीटर बघत वायरिंग वीत-वीतभर हलवत ईसीएमकडे सरकत जा. जिथे आकडा नाचेल तिथे थांब.

एक विचारतो: गाडीत कधी उंदीर शिरले होते का?

अर्ध्या_वाटेर, फोंडा

होय! गेल्या चवथीला गावच्या घरी गाडी बरेच दिवस उभी होती, तेव्हा काही वायरी कुरतडल्या होत्या. तिथल्याच एका इलेक्ट्रिशियनने जोडून दिल्या. ही गोष्ट मी पूर्ण विसरलो होतो, सेन्सरशी तिचा संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

बघून सांगतो. इथे आता धो धो लागलाय.

अबोली_साखळी

उंदीर! आमच्याकडे डांबराच्या गोळ्या, तंबाखू, मिरपूड सगळं करून झालं. डांबराच्या गोळ्यांनी फक्त आम्हाला एसीतून वास आला, उंदीर तिथेच.

कुडचडेकार

मांजर पाळा. अवांतराबद्दल क्षमस्व.

अर्ध्या_वाटेर, फोंडा

सापडला!

एअर फिल्टरचा डबा काढला. त्याच्या खालून वायरिंगची जाडी गुंडाळी जाते, तिच्यावर एके ठिकाणी कंपनीच्या कापडी टेपऐवजी साधी काळी टेप. मी तिथे बोट लावताच मीटर २.१ वरून ३.४, मग १.६, मग परत २. टेप उलगडायला गेलो तर ती उलगडलीच नाही, गोंद वितळून चिकट झाला होता, ब्लेडने चिरावी लागली. आतून पाण्याचे दोन थेंब पडले, खरोखरचे थेंब. खाली चार वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या, सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. तीन काळवंडलेल्या पण घट्ट. चौथीच्या पिळावर हिरवी-पांढरी भुकटी, नखाने खरवडली तर तांब्याच्या तारा पिठासारख्या गळल्या. दोन-तीन बारीक तारांवर सगळा संसार चालला होता. तीच सेन्सरची ५ व्होल्टची वायर.

फोटो काढलाय, पण इथे चढवताना साइझ मोठी म्हणतंय. लहान करून टाकतो.

आता जोडायची कशी? मी सोल्डर करू शकतो.

पाना_बारा, डिचोली

चारही जोड काप, एकच नको. आज तीन चालताहेत म्हणून सोडल्यास तर पुढच्या पावसात हाच धागा वर येईल.

कापताना लाल-चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा. हिरवं एकदा लागलं की प्लास्टिकच्या आतून तारांच्या फटींतून वर चढतं, बाहेरून कळत नाही. काळ्या पडलेल्या तारेला सोल्डर धरत नाही, वर नुसता गोळा बसतो. वायर तोकडी पडली तर त्याच जाडीचा तुकडा मध्ये घाल, ओढून-ताणून जोडू नकोस, इंजिन हलतं. चार जोड एकाच जागी येऊ देऊ नकोस, थोडे मागे-पुढे कर, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि एकमेकांना टेकण्याची भीती नाही. सोल्डरच्या ॲसिडवाल्या पेस्टला हात लावायचा नाही, रोझिनवालीच.

वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह घाल, साधी नको. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंद जरा बाहेर डोकावला पाहिजे, मगच पाणी अडतं. आणि जोडण्यापूर्वी स्लीव्ह वायरीत ओवून घे. ही सूचना कुणालाही द्यावी लागत नाही असं वाटतं, पण द्यावी लागते.

हे सगळं बॅटरीचा मायनस काढून. इस्त्रीला जरा वेळ गार होऊ दे, मग वायरिंग जुन्या क्लिपांत परत बसव, एक्झॉस्टपासून लांब.

गुगल_मेस्त, पणजी

इस्त्री??

पाना_बारा, डिचोली

सोल्डरिंग आयर्न हो. आमच्याकडे पोरं इस्त्रीच म्हणतात.

अर्ध्या_वाटेर, फोंडा

चारही जोड केले. कपलर लावून सप्लाय ४.९९. पुली पान्याने हळूहळू फिरवली तर सिग्नल ०.१ आणि ४.९ असा उड्या मारतोय, दाता आला-गेला स्वच्छ कळतंय. सेल्फ मारला: फोनवर आरपीएम २३० च्या आसपास आणि पुढच्या क्षणी इंजिन सुरू.

कोड पुसून टाकला. बोरी, लोटली, वेर्णा असा फेरफटका मारला, वेर्ण्याला मुद्दाम गरम गाडी बंद करून चहा घेतला, परत स्टार्ट केली. एका चावीत. कोड परत आलेला नाही.

सगळ्यांना देव बरें करूं. गॅरेजवाल्याने काढलेला माझा जुना सेन्सर अजून डिकीत आहे. तो चांगलाच असावा असं आता वाटतंय. स्पेअर म्हणून ठेवतो.

सायबर_माड, पर्वरी

मस्त काम. जुना सेन्सर सवडीने लावून बघ, म्हणजे तो चांगला होता की नव्हता हे नक्की होईल. नवा बसवल्यावर थोडे दिवस बरी चालली त्याचंही कारण बहुधा हेच: सेन्सर काढता-घालताना वायरिंग हललं आणि तो पिळ तात्पुरता धरला गेला. दुरुस्ती झाली असं त्या गॅरेजवाल्याला प्रामाणिकपणे वाटलं असेल.

जाता जाता, काही गाड्यांत क्रँक सेन्सर किंवा फ्लायव्हील बदललं की स्कॅनरने नव्याने ओळख करून द्यावी लागते. तुझी तशीच पळतेय म्हणजे प्रश्न नाही, पण मिसफायरचा कोड उगाच यायला लागला तर हे आठव.

खाजन_बांध, दिवाडी

वाचनखूण साठवली आहे. ओल्या फडक्याचंही लक्षात ठेवलं.

घाटमाथा, बेळगाव

याच धाग्यात विचारतो. माझी डिझेल, चोर्ल्याने महिन्यातून एक-दोनदा गोव्यात असतो. क्लच बदलल्यापासून पी०३४० (कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड) येतो. स्टार्ट होते, पण आधीपेक्षा बराच जास्त सेल्फ घेते. सोबत कधी कधी पी००१६ पण असतो. मेकॅनिक म्हणतो कॅम सेन्सर बदलूया. बदलू का?

पाना_बारा, डिचोली

घाटमाथा साहेब, एवढ्यात नको. पी०३४० एकटा असता तर वरच्याच टेस्ट कॅमच्या कपलरवर करा म्हटलं असतं. पण पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम या दोघांचे सिग्नल येताहेत, फक्त एकमेकांशी जुळत नाहीत. तो सेन्सरचा दोष क्वचित असतो. टायमिंग चेन सैल झालेली किंवा एखादा दाता सरकलेला असू शकतो, आणि तसं असेल तर सेल्फ मारत राहणं महागात पडेल, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. थंड गाडी स्टार्ट करताना पुढून चेनचा खडखडाट येतो का ते ऐका.

क्लचच्या कामानंतर सुरू झालं हेही विसरू नका. गिअरबॉक्स उतरवताना सेन्सरची वायर मध्ये चेपली गेली का, फ्लायव्हील बदललं का, बदललं तर दात्यांची संख्या तीच आहे का, हे मेकॅनिकला विचारा. घाट उतरण्याआधी विचारा.

उत्तरं मिळाली की नवीन धागा काढा, इथे पेट्रोल-डिझेलचा गोंधळ होईल. आणि कॅमच्या कपलरला पिना किती ते पहिल्याच ओळीत लिहा.